असं त्या म्हणाल्याच नव्हत्या

एका ज्येष्ठ अभिनेत्रीचं निधन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. बातमी रात्री उशिरा कळली होती. सकाळी मोबाईल उघडला तर सगळीकडे बाईंचेच फोटो, तरुणपणीचे, मेकअपमधले, कुठल्या कुठल्या पुरस्कार सोहळ्यातले, आणि जवळपास प्रत्येक बातमीच्या मधोमध एक चौकट. चौकटीत जाड टायपात एकच वाक्य, टाळ्या हाच माझा श्वास, ज्या दिवशी टाळ्या थांबतील त्या दिवशी मीही थांबेन, आणि खाली बाईंचं नाव. एका पोर्टलवर वाचलं, मग दुसऱ्यावर, मग चॅनलच्या खालच्या पट्टीवर सरकत गेलेलं दिसलं, दुपारपर्यंत बहुतेक सगळ्या ग्रुपवर फुलांच्या चित्रासकट येऊन पडलं. लोक खाली हात जोडत होते. वाक्य तसं वाईट नाही, गेलेल्या कलावंताच्या फोटोखाली शोभेल असंच आहे. पण मला ते काही केल्या बाईंच्या आवाजात ऐकू येईना.

तो आवाज माझ्याकडे आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका विशेषांकासाठी मी त्यांच्या लेखाचं शब्दांकन केलं होतं, तेव्हाचं रेकॉर्डिंग मी जपून ठेवलंय, या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर कॉपी करत करत आणलंय. त्या दिवशी कानाला हेडफोन लावून सगळं परत ऐकलं. पंख्याची घरघर, लांब कुठेतरी दार आपटतंय, आणि बाईंना एक सवय होती, हातातलं चष्म्याचं घर उघडायचं आणि मिटायचं, तो टक् टक् आवाज मुलाखतभर आहे आणि महत्त्वाचं काही बोलायची वेळ आली की तो वाढतो. टाळ्यांबद्दल मीच विचारलं होतं. त्यावर त्या म्हणतात, "अगं टाळ्यांचं काय घेऊन बसलीस. मधेच टाळी पडली ना की समोरच्याचं वाक्य मरतं. तो बिचारा तोंड उघडून उभा. आता त्याने परत कुठून उचलायचं?" मग टक् टक्. मग, "नाही म्हणजे, आवडायच्या. कोणाला नाही आवडणार. पण त्या... थांब, जरा पाणी दे मला." पाणी पिऊन झाल्यावर त्या भलत्याच विषयावर गेल्या आणि ते "पण त्या" तसंच राहून गेलं.

माणूस बोलतो ते असं बोलतो.

आता कोणी म्हणेल, दुसरीकडे कुठे म्हणाल्या असतील, माणूस आयुष्यभर एकच मत धरून थोडाच बसतो. बरोबर आहे, म्हणूनच मी शोधायला बसले. पेपरच्या डेस्कवर काम करणाऱ्या एका मित्राला फोन केला, हे कुठून घेतलंत रे? तो म्हणाला अमुक पोर्टलवरून. त्या पोर्टलने आणखी कुठून तरी उचललेलं. असं मागे मागे जात शेवटी हाताला लागली ती एका चाहत्याने त्यांच्या वाढदिवसाला लिहिलेली जुनी पोस्ट. मनापासून लिहिलेली होती, आणि त्यात म्हटलं होतं की टाळ्या हाच बाईंचा श्वास आहे, टाळ्या थांबतील त्या दिवशी बाईही थांबतील. म्हणजे वाक्य चाहत्याचं. मधे कुठेतरी कोणीतरी "बाईंचा" काढून "माझा" घातलं आणि दोन्ही बाजूंना अवतरणचिन्हं लावली. चाहत्याने काही खोटं केलेलं नाही, खोटं नंतर झालं, आणि ते नक्की कोणाच्या हातून झालं हे आता कोणालाच सांगता येणार नाही. सगळ्यात जास्त त्रास मला याचाच झाला. रागवावं तर समोर माणूसच नाही, नुसती कॉपी-पेस्टची रांग.

हे असं आजच व्हायला लागलंय असंही नाही. तुमचं म्हणणं मला पटत नाही पण ते मांडायच्या तुमच्या हक्कासाठी मी मरेपर्यंत लढेन, हे फ्रेंच विचारवंत व्हॉल्तेअरच्या नावावरचं वाक्य अग्रलेखांतून, भाषणांतून, चॅनलवरच्या चर्चांतून आपण किती वेळा ऐकलंय. ते लिहिलं एव्हलिन बीट्रिस हॉल या इंग्रज लेखिकेने, १९०६ मध्ये, व्हॉल्तेअरच्या मित्रमंडळींवरच्या पुस्तकात, तेही टोपणनावाने. व्हॉल्तेअर जाऊन तेव्हा सव्वाशेच्या वर वर्षं झाली होती. ती त्याची वृत्ती कशी होती ते सांगत होती, फक्त सांगताना त्याच्या वतीने "मी" वापरलं, आणि पुढे तिने खुलासाही केला की शब्द आपले आहेत. खुलासे कोण वाचतंय. आज व्हॉल्तेअरच्या नावावर न बोललेलं वाक्य आहे आणि ज्या बाईने इतकं चांगलं वाक्य लिहिलं तिचं नाव कोणाच्या ओठावर नाही, नुकसान दोघांचंही.

शब्दांकन करणाऱ्याला हे सगळं जरा जास्तच टोचतं, कारण आमचं कामच मुळी दुसऱ्याच्या वतीने "मी" लिहायचं. रेकॉर्डिंग ऐकायचं, कागदावर उतरवायचं, दर तिसऱ्या शब्दाला येणारं "म्हणजे" काढायचं, आधी सांगितलेलं शेवटचं आणि शेवटी सांगितलेलं आधीचं जागच्या जागी लावायचं, अर्धवट सोडलेलं वाक्य त्यांनी पुढे कुठे पूर्ण केलंय का ते बघायचं, केलं असेल तर जोडायचं, नसेल तर सरळ सोडून द्यायचं. मग लिहिलेलं त्यांना वाचून दाखवायचं. लेखाखाली "शब्दांकन" म्हणून माझं नाव येतं त्यामुळे मधे कोणाचा तरी हात फिरलाय हे वाचणाऱ्यालाही कळतं. इतकं सगळं असूनसुद्धा मोह होतोच. रात्री उशीर झालेला असतो, अंक उद्या छपाईला जायचा असतो आणि लेखाला शेवट सापडत नसतो. तोवर त्या माणसाचा आवाज तुमच्या कानात इतका बसलेला असतो की त्याच्या ढंगात एक वाक्य बनवणं हे दोन मिनिटांचं काम. बनतंही छान. त्यालाही आवडलं असतं बहुतेक. हे "बहुतेक" फार वाईट आहे, जगातलं प्रत्येक खोटं अवतरण या एका शब्दाच्या आधाराने उभं राहिलेलं असणार असं मला वाटतं.

ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीसने हा मोह उघडपणे मान्य केला होता. जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वी त्याने युद्धाचा इतिहास लिहिला, त्यात सेनापतींची आणि पुढाऱ्यांची लांबलचक भाषणं आहेत, आणि सुरुवातीलाच त्याने सांगून टाकलंय की भाषणं शब्दश: लक्षात ठेवणं मला आणि मला सांगणाऱ्यांनाही अवघड होतं, तेव्हा प्रत्यक्ष जे बोललं गेलं त्याचा एकंदर आशय शक्य तितका धरून, त्या प्रसंगी जे बोलायला हवं होतं असं मला वाटलं ते मी त्यांच्या तोंडी घातलंय. वाचकाला अंधारात ठेवलं नाही त्याने. तेव्हा रेकॉर्डर नव्हता, लघुलेखन नव्हतं, तरी त्याला वाटलं की हे सांगितलं पाहिजे. आज प्रत्येकाच्या खिशात रेकॉर्डर आहे आणि सांगायची गरज कोणालाच वाटत नाही.

अमेरिकेत यावर सुप्रीम कोर्टापर्यंत भांडण गेलं होतं. जॅनेट माल्कम या पत्रकार बाईंनी १९८३ मध्ये जेफ्री मॅसन या मनोविश्लेषकावर 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकात मोठा लेख लिहिला, मॅसन म्हणाला यातली काही वाक्यं माझी नाहीतच, आणि त्याने अब्रुनुकसानीचा दावा लावला. ४० तासांहून जास्त टेप होत्या आणि वादातली वाक्यं त्या टेपवर सापडत नव्हती, ती हाताने घेतलेल्या टिपणांतली आहेत असं बाईंचं म्हणणं. १९९१ मध्ये कोर्टाने सांगितलं की व्याकरण सुधारलं, शब्द इकडचे तिकडे केले एवढ्यावरून ते खोटं ठरत नाही, बदलामुळे अर्थच लक्षणीय बदलला असेल तर मात्र ठरतं. पुढे ज्युरीने निकाल माल्कमच्या बाजूने दिला. आणि त्यानंतर, १९९५ मध्ये, बाईंनी सांगितलं की हरवलेली वही घरातच सापडली, वादातल्या काही वाक्यांची टिपणं त्यात आहेत. ही वहीची गोष्ट मला कायम अस्वस्थ करते. दहाएक वर्षं दोन माणसं एकमेकांविरुद्ध कोर्टात उभी राहिली कशासाठी, तर मी हे बोललो की नाही यासाठी. मला यात काही वेडेपणा वाटत नाही, आपण काय बोललो हे ठरवायचा हक्क माणसाला जिवापाड वाटायलाच हवा. कायद्याने अर्थ बदलण्यापाशी सीमारेषा आखली ते कायद्याच्या जागी ठीक असेल, पण अर्थ बदलला की नाही हे कोण ठरवणार? ज्याच्या तोंडचे शब्द आहेत त्याला विचारल्याशिवाय ते ठरूच नये असं मला वाटतं.

आणि नेमकं तेच होत नाही. खोटं वाक्य कोणाच्या तोंडी घातलं जातं ते बघा. बहुतेक वेळा तो माणूस उत्तर द्यायला हजरच नसतो.

मोरिस जार हे फ्रेंच संगीतकार, चित्रपट संगीतासाठी तीन ऑस्कर मिळालेले, मार्च २००९ मध्ये गेले. बातमी आल्या आल्या डब्लिनमधल्या एका २२ वर्षांच्या विद्यार्थ्याने विकिपीडियावर त्यांच्या पानावर एक वाक्य स्वत: रचून टाकलं, माझं आयुष्य म्हणजेच एक लांबलचक संगीत, मी जाईन तेव्हा माझ्या डोक्यात एक अखेरचं वॉल्ट्झ वाजत असेल, अशा धर्तीचं. त्याला बघायचं होतं की पत्रकार काय करतात. पत्रकारांनी ते उचललं, ब्रिटनमधल्या 'गार्डियन'ने उचललं, ऑस्ट्रेलियात आणि आपल्याकडेही छापून आलं. यातली खरी ऐकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. विकिपीडियावर फुकट काम करणाऱ्या लोकांनी हे वाक्य आधार कुठाय म्हणून काढून टाकलं होतं, त्याने परत टाकलं, त्यांनी परत काढलं. म्हणजे ज्यांना पगार नाही त्यांनी विचारलं, आणि ज्यांचा धंदाच विचारायचा आहे त्यांनी विचारलं नाही. महिनाभर कोणाच्याच लक्षात आलं नाही, शेवटी त्या मुलानेच पेपरांना कळवलं तेव्हा दुरुस्त्या झाल्या. मोरिस जार यांना मात्र काही कळवता येणार नव्हतं. शेवटचं म्हणून लोकांनी त्यांचं जे वाचलं ते एका अनोळखी मुलाने वर्गातल्या प्रयोगासारखं लिहिलेलं होतं.

मोटार शर्यतींचा जगज्जेता मायकल शुमाकर, त्याचं तर याहून वाईट. डिसेंबर २०१३ मध्ये स्कीइंग करताना त्याच्या डोक्याला मार लागला, तेव्हापासून तो लोकांसमोर आलेला नाही आणि घरच्यांनी त्याच्या तब्येतीबद्दल मौन पाळलंय. एप्रिल २०२३ मध्ये एका जर्मन साप्ताहिकाने कव्हरवर त्याचा हसरा फोटो टाकून 'पहिली मुलाखत' असा मथळा दिला. आत प्रश्न होते, उत्तरं होती, तब्येतीबद्दल, बायकोबद्दल, मुलांबद्दल, आणि ती सगळी उत्तरं एआयच्या प्रोग्रॅमने तयार केलेली. हे भरभरून छापल्यावर शेवटी शेवटी ते सांगितलं. प्रकाशनसंस्थेने माफी मागितली, संपादिकेला काढलं, पुढे कुटुंबाला २ लाख युरो भरपाई मिळाली. मी नेहमी त्या घरातल्या लोकांचा विचार करते. ज्या माणसाचं एक वाक्य ऐकायला मिळावं म्हणून दहा वर्षं सगळे थांबलेत, त्याची पानभर वाक्यं कोणीतरी ऑफिसात बसून तयार केली आणि स्टॉलवर टांगली. यात निव्वळ खोटेपणा असता तर मी राग येऊन गप्प बसले असते. पण हे त्याच्या न बोलण्याचा फायदा घेणं आहे, आणि याला माझ्याकडे माफी नाही.

तिसरा प्रकार, माणूस जिवंत आहे, धडधाकट आहे, पण लांब आहे आणि वेगळ्या भाषेत आहे. इटलीत तोमासो देबेनेदेत्ती नावाचा पत्रकार वर्षानुवर्षं मोठमोठ्या लेखकांच्या मुलाखती छोट्या पेपरांना विकत होता. २०१० मध्ये दुसऱ्या एका इटालियन पत्रकार बाईने अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथला मुलाखतीत विचारलं की तुम्ही ओबामांवर इतके नाराज का आहात, तुम्हीच तसं म्हणालात की. रॉथ चाट पडला, असं तो कोणालाच म्हणाला नव्हता, उलट त्याचं मत चांगलं होतं. मग शोध सुरू झाला तर जॉन ग्रिशमच्याही तोंडी तसंच काहीतरी घातलेलं, आणि मग एकेक करत बरीच नावं बाहेर आली. देबेनेदेत्तीने नंतर कबूलही केलं. मला यातली ती प्रश्न विचारणारी बाई फार आवडते. तिने काही मोठी शोधमोहीम काढली नव्हती, छापलेलं वाचलं आणि ज्याचं होतं त्यालाच तोंडावर विचारलं, एवढंच. इतक्या वर्षांत तेवढंच कोणी केलं नव्हतं.

आतापर्यंतची वाक्यं बहुतेक गोड आहेत, हार घालणारी. दुसरी जात फाशी देणारी. मेकॉलेचं ते प्रसिद्ध वाक्य तुम्हाला आलेलं असेलच, मी भारतभर फिरलो, एकही भिकारी दिसला नाही, एकही चोर दिसला नाही, या देशाचा कणा मोडायचा तर त्यांची शिक्षणपद्धती बदलली पाहिजे वगैरे, २ फेब्रुवारी १८३५, ब्रिटिश पार्लमेंट. तो त्या दिवशी पार्लमेंटमध्ये नव्हताच, कलकत्त्यात होता. त्याच तारखेचं त्याचं शिक्षणावरचं टिपण मात्र खरं आहे, आणि त्यात त्याने लिहिलंय की युरोपातल्या चांगल्या ग्रंथालयातला पुस्तकांचा एक कप्पा भारत आणि अरबस्तानच्या सगळ्या साहित्याच्या तोडीचा आहे. हे खरं वाक्य. इतकं उद्दाम, इतकं अडाणी वाक्य त्याच्या सहीचं उपलब्ध असताना आपण नकली वाक्य घेऊन बसलो, ज्यात तो आपली स्तुती करतोय. खऱ्या वाक्यावर वाद घालता येतो, ते कशातून आलं, त्याने काय केलं हे विचारता येतं. नकली वाक्याने फक्त रक्त तापतं, आणि कोणी एकाने ते खोटं आहे हे दाखवून दिलं की खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

आणि हे काही दीडदोनशे वर्षांपूर्वीच्या माणसांपुरतं नाही. २०१७ च्या मे महिन्यात अरुंधती रॉय यांच्या नावावर काश्मीर आणि लष्कराबद्दल एक विधान फिरलं, श्रीनगरला जाऊन त्या असं बोलल्या म्हणे. त्या तेव्हा श्रीनगरला गेल्या नव्हत्या आणि असं बोललेल्याही नव्हत्या. तरी वेबसाइटवरून वेबसाइटवर जात ते चॅनलवरच्या रात्रीच्या चर्चेपर्यंत पोचलं, त्या गदारोळात त्यांना जीपला बांधावं असं एका खासदाराने ट्वीट केलं. त्यांची मतं कोणाला पटोत न पटोत, तो प्रश्नच नाही. त्यांनी खरोखर लिहिलेलं इतकं आहे की ज्याला भांडायचंय त्याला जन्मभर पुरेल. पण ते वाचावं लागतं. बनवलेलं विधान दोन ओळींचं असतं आणि आपल्या मनात त्या माणसाबद्दल जे आधीच आहे त्याला ते बरोब्बर बसतं. ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं वाक्य हळवं, ज्याचा राग आहे त्याचं विखारी. म्हणून तर कोणी थांबत नाही. खरं बोलणं कुठेतरी अडतं, खटकतं, हा असं कसं म्हणाला असं वाटायला लावतं. बाईंनी टाळ्यांबद्दल जे सांगितलं ते कुठल्याच चौकटीत बसलं नसतं, आणि मला विचाराल तर रंगमंचावर आयुष्य काढलेल्या बाईलाच ते सुचू शकतं.

रतन टाटांनी एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनच्या काळात, त्यांच्या नावावर फिरणाऱ्या एका उमेद देणाऱ्या मजकुराबद्दल सरळ लिहिलं होतं की हे मी बोललेलो नाही आणि लिहिलेलंही नाही, मला काही सांगायचं असेल तर मी माझ्या अधिकृत ठिकाणी सांगेन. मजकूर त्यांची बदनामी करणारा नव्हता, उलट लोकांना आवडला होता, धीर देणारा होता. गप्प बसले असते तर फायदाच होता. तरी त्यांनी नाकारला. मला त्या दिवशी त्या माणसाबद्दल फार आदर वाटला, कारण वाईट वाक्य सगळेच नाकारतात, चांगलं वाक्य आपलं नाही म्हणून परत करायला वेगळा प्रामाणिकपणा लागतो.

सगळे तसे नसतात. अर्थसंकल्प आला, कोर्टाचा निकाल आला, कोणी मोठं माणूस गेलं की डेस्कवरून दहा जणांना फोन जातात, प्रतिक्रिया हवी असते, आणि पलीकडून किती सहज उत्तर येतं, तुम्हीच लिहा ना दोन ओळी माझ्या नावाने, तुम्हाला माहितीये मला काय म्हणायचंय ते. आणि ते लिहिलं जातं. गेलेल्या मित्राबद्दल सुद्धा. दु:ख सुद्धा दुसऱ्याने लिहून दिलेलं. दुसऱ्या दिवशी पान उघडून तो माणूस वाचतो, आपण काल काय म्हणालो ते, आणि बहुतेक वेळा खूशही होतो. यात फसवलं कोण गेलं? बोलणाऱ्याची परवानगी आहे, लिहिणाऱ्याने विश्वासाने लिहिलंय. फसवला गेला तो वाचणारा, ज्याला वाटलं की अमुक माणसाला हे असं वाटलं.

हा प्रश्न मध्यंतरी अगदी घरात येऊन उभा राहिला. माझ्याबरोबर आता एक तरुण मुलगा शब्दांकनाचं काम करतो, हुशार आहे, कष्टाळू आहे. एका नावाजलेल्या प्रशिक्षकांची मुलाखत होती, ती त्याने रेकॉर्ड केली आणि सॉफ्टवेअरला देऊन तिचा लेख करून घेतला. लेख माझ्याकडे तपासायला आला. वाचता वाचता एका वाक्याशी मी थांबले, पराभव हा माझा पहिला प्रशिक्षक होता. फार नीटस वाटलं. रेकॉर्डिंग ऐकलं पूर्ण, तर पराभवाचा विषयच नाही त्यात, सर बराच वेळ मैदानाच्या मातीबद्दल बोलतायत, कुठल्या मातीवर पाय कसा धरतो, पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी पोरांना पळवायचं की नाही, पायाने उकरून बघायचं आणि कसं ठरवायचं. ते सगळं लेखात दोन ओळींत उरकलेलं आणि हे न बोललेलं वाक्य वर, मथळ्याखाली. मशीन काही मुद्दाम खोटं बोलत नाही. अशा माणसाने अशा जागी काय म्हटलं असतं याचा अंदाज बांधून ते शब्द जुळवतं, आणि तो अंदाज लाखो छापील मुलाखतींवरून आलेला असतो, म्हणून वाक्य ओळखीचं वाटतं. मी त्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, पण सरांना हेच म्हणायचं असणार ना." तेच ते "बहुतेक".

मी सांगितलं, सरांना विचारल्याशिवाय जायचं नाही. त्याने माझ्यासमोर फोन लावला, वाक्य वाचून दाखवलं. सर खूश झाले. "वा, मस्त आहे. राहू दे की." मी फोन घेऊन म्हटलं, सर, पण हे तुम्ही बोलला नाहीयेत. तर म्हणाले, "मग आत्ता बोलतो ना. पराभव हा माझा पहिला प्रशिक्षक होता. झालं? घ्या आता." आणि हसले. आता यावर काय करायचं? मातीबद्दलचा मजकूर मी परत सगळा लेखात घेतला, वाक्य मथळ्याखालून काढलं, पण सरांचा आग्रह होता म्हणून ते आत कुठेतरी राहिलं. तांत्रिकदृष्ट्या ते आता त्यांचंच होतं, फोनवर दोघांनी ऐकलं होतं. तरी लेख छापून आला तेव्हा मी तेवढी ओळ सोडून वाचला.

काही दिवसांनी त्या मुलाने मला एक व्हिडिओ पाठवला. कुठल्यातरी सत्काराला सर बोलतायत आणि सुरुवातच त्या वाक्याने केलीये, वर म्हणतायत की मी हे माझ्या मुलांना नेहमी सांगत आलोय. सभागृहातून टाळ्या पडल्या. खाली मुलाने लिहिलं होतं, बघा ताई, सरांचंच निघालं. मला काही त्याच्याशी भांडायचं नव्हतं, आणि सरांशीही नाही, त्यांना ते वाक्य खरोखर मनापासून आवडलेलं होतं हे व्हिडिओत दिसत होतं. मी त्याला एवढंच कळवलं की आपल्या फाईलमध्ये या वाक्यापुढे नोंद करून ठेव, सर हे जाहीरपणे पहिल्यांदा कधी आणि कुठे बोलले ते, आणि आपला लेख त्याच्या आधीचा आहे तेही तारखेसकट लिही.